ड्युगल्ड पर्डीचा आवाज

खाटीक वॉटी खिमा कागदात बांधता बांधता मला म्हणाला, "बाई, तुमच्या नवऱ्याला जरा सांगा. शनिवारी त्याच्या ओरडण्यानं माझ्या कानठळ्या बसल्या."

"कोणाच्या ओरडण्यानं?"

"ड्युगल्डच्या! अख्खी मॅच त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू असतो. मागच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प होतात."

मी म्हटलं, याला सकाळी सकाळीच चढलेली दिसते. माझा ड्युगल्ड पर्डी? अहो, त्या माणसानं मला लग्नाचं विचारलं तेही माझ्या भावाकरवी! सकाळी ओटची पेज, रात्री खिमा-बटाटे आणि मधे 'हं'. आवडलं तरी 'हं', मीठ जास्त झालं तरी 'हं'. अकरा वर्षं तो गावच्या फुटबॉल क्लबात सेंटर-हाफ होता, म्हणजे मागं मधोमध उभं राहून येईल त्याला अडवायचं काम. आणि मी एकदाही मॅचला गेले नव्हते. आमच्याकडं बायका फारशा जात नसत. शनिवारी दुपारी पुरुष मैदानावर आणि आम्ही एकमेकींच्या स्वयंपाकघरात चहाला, हे ठरलेलं.

घरी येऊन विचारलं, "तू मैदानावर ओरडतोस म्हणे?"

"हं," तो म्हणाला. मग बराच विचार करून, "थोडं."

आता मला राहवेना. त्यात एप्रिल संपत आला होता. हंगाम संपला की कुणाला ठेवायचं, कुणाला मोकळं करायचं ते क्लब सांगतो, आणि ड्युगल्डचा गुडघा सुजून कोबीएवढा झाला होता. त्याला मोकळं केलं, तर तो दिवसभर घरात. मग जन्मभर या भिंतीसमोर बसायचं? या माणसाकडं शब्द आहेत की नाहीत, एवढं तरी मला कळायलाच हवं होतं.

शेवटच्या शनिवारी वरच्या मजल्यावरच्या नेटीला ओढतच घेऊन गेले.

"अगं एफी, लोक काय म्हणतील?" ती सारखी कुरकुरत होती.

"म्हणू देत! नवरा माझा आहे. बघायला गेले तर पाप लागतं का?"

डोक्याला रुमाल बांधून आम्ही गोलमागं उभ्या राहिलो. आणि काय सांगू! टक्कल तेच, फेंगडे पाय तेच. पण आवाज? "विली, डावीकडं! झोपलास काय रे? तुझी सासू तुझ्यापेक्षा जोरात पळते! हां, शाब्बास, वाघा! मान वर, मान वर!" सगळी टीम त्याच्या आवाजावर हलत होती. नेटीनं आ वासला. मी तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

मग फर्गसच्या हातून बॉल निसटला आणि गोल झाला. फर्गस म्हणजे आमचा नवखा गोलकीपर. लोक त्याला शिव्या घालायला लागले, आणि तो चिखलात तोंड लपवून बसला. ड्युगल्ड लंगडत त्याच्याजवळ आला, अगदी माझ्यासमोर. खाली वाकून म्हणाला, "ऊठ, राजा. चूक माझी. मी उशिरा सांगितलं. मी आहे ना."

माझं हसू तिथंच विरलं. माझी आई गेली तेव्हा हाच माणूस माझ्याशेजारी ओंडक्यासारखा बसून होता. मला जे ऐकायचं होतं, तेच त्यानं त्या पोराला ऐकवलं. मला रागही आला आणि रडूही.

पुढच्याच आठवड्यात क्लबनं त्याला मोकळं केलं, निरोपाला एक जुना बॉल देऊन. घरी येऊन त्यानं बॉल ओट्याखाली सारला आणि खुर्चीत बसला.

"फर्गसशी बोलायला शब्द होते," मी भडकलेच. "मग मला का नाहीत?"

तो दचकला. "तू आली होतीस?"

"आले होते! सगळं ऐकलं!"

तो कानापर्यंत लाल झाला. "तिथं काय बोलायचं ते कळतं," म्हणाला. "घरात नाही कळत." आणि खुर्ची ओढून खिडकीशी जाऊन बसला. पुढं कितीतरी दिवस तो तिथून हललाच नाही.

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळत राहिला. तिथं म्हणजे कुठं? गवतावर? चिखलात? पायाशी बॉल असला की?

इमारतीमागच्या हिरवळीवर कपडे वाळत घालायची पाळी सोमवारी माझी असे. त्या दिवशी तिथं माझं राज्य. अशाच एका सोमवारी मी ओट्याखालचा बॉल काढला, एप्रन खोचला आणि ओल्या चादरींमधून बॉल ढकलत निघाले. मेला केवढा जड तो! खिडक्या धडाधड उघडल्या.

"एफीला वेड लागलं गं!" नेटी वरून ओरडली.

लागू दे. मी आपली पळत होते. आमची खिडकी मात्र बंदच होती. काचेमागं टक्कल तेवढं दिसत होतं. मी पुन्हा एक लाथ घातली, आणि खिडकी खाडकन वर गेली.

"डावीकडं, एफी! अगं डावीकडं! पुढं खांब आहे! मान वर!"

मी मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि खांबावर आदळून चिखलात फतकल मारली. सगळी इमारत खदाखदा हसली. जिन्यावर लंगडी पावलं वाजली. ड्युगल्ड नुसत्या मोज्यांवर बाहेर आला, तसाच चिखल तुडवत जवळ येऊन वाकला.

"ऊठ, राणी," तो म्हणाला, सगळ्यांदेखत. "चूक माझी. मी फार उशिरा सांगितलं. मी आहे ना."

मला लागलं काहीच नव्हतं. पण मी मुद्दाम तशीच चिखलात बसून राहिले आणि म्हटलं, "काय म्हणालास? नीट ऐकू नाही आलं."