शेवटच्या पानावरचं उत्तर

वाचकांना एक वाईट खोड असते. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर आपलं मत ठोकून द्यायचं. 'भिकार', 'शेवट पटला नाही', 'नायिका मूर्ख आहे'. मुलुंड पूर्वेच्या वाचनालयात ही मतं पुसायचं काम लवू परबकडे होतं. दर शनिवारी दुपारी तो खोडरबर घेऊन बसायचा आणि आठवडाभराची अक्कल झटकून टाकायचा. पन्नाशीचा माणूस. संपात गिरणी गेली, तेव्हा ग्रंथपाल कुंदाताईंनी त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. लग्न नाही, मागे-पुढे कोणी नाही. गव्हाणपाड्यात एक खोली, एक स्टोव्ह, एक ताट.

तसा एक माणूस होता. गिरणीच्या दिवसांत लालबागच्या खोलीत बावीस जण राहायचे, त्यात धोंडू होता. अठरा वर्षं दोघांच्या वळकट्या शेजारी शेजारी. धोंडूला दुसरी पाळी लागली की लवूच्या घशाखाली घास उतरायचा नाही. संप चिघळला आणि धोंडू बायको-मुलांकडे गावी निघाला. आपल्यात निघताना माणूस 'येतो' म्हणतो, शत्रूच्या घरून उठला तरी 'येतो'च म्हणतो. धोंडू एसटीच्या पायरीवर चढला आणि म्हणाला, "जातंय, लवू." चार वर्षं झाली, साधं पोस्टकार्ड नाही. लवूने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? आपल्याला जे झालंय त्याला काय म्हणतात, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तर ते पुस्तक. मार्च संपायच्या आत सरकारी अनुदान खर्ची पडलं पाहिजे, म्हणून दरवर्षी शेवटच्या आठवड्यात पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. वाचायला वेळ कोणाला? शिक्के मारायचे आणि कपाटात लावायचे. शहाऐंशीच्या गठ्ठ्यात एक पातळशी कादंबरी आली. मुखपृष्ठावर दोन शाळकरी मुली आणि एक सायकल. कुंदाताईंनी ती मुखपृष्ठ बघून बिनधास्त कुमार विभागात लावली. त्या दोन मुली वसतिगृहात राहायच्या आणि एकमेकींवर प्रेम करायच्या. मैत्रीतलं नव्हे, प्रेमातलं प्रेम. वाह्यात त्यात काही नव्हतं, पण आडपडदाही नव्हता.

जुलैतल्या एका शनिवारी ते लवूच्या हाती आलं. शेवटच्या पानावर पेन्सिलीने, बारीक रेखीव अक्षरात लिहिलेलं होतं, 'माझ्यासारखं अजून कोणी आहे का?' लवूने खोडरबर टेकवलं आणि उचललं. हे मत नव्हतं. हे पुसायचं कसं? त्याने पुस्तक घरी नेलं. अक्षरांखाली बोट धरून वाचणारा माणूस, त्याला दोन रविवार लागले. एक मुलगी दुसरीला सोडायला एसटी स्टँडवर येते त्या पानावर तो ढसाढसा रडला. सोमवारी त्याने त्या प्रश्नाखाली आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात एकच शब्द लिहिला, 'आहे.' आणि पुस्तक जागेवर ठेवलं.

प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या खिशात एक कार्ड असायचं, त्यावर नेणाऱ्याचा सभासद क्रमांक आणि तारीख. या कार्डावर दोनशे शहात्तर हा आकडा तीनदा होता, दुसरा आकडाच नव्हता. दोनशे शहात्तर म्हणजे अनुपमा सावंत. अकरावीतली मुलगी, दर बुधवारी यायची, भिंतीकडे तोंड करून बसायची, बरोबर कधी कोणी नसायचं. तिने पुस्तक चौथ्यांदा नेलं. परत आलं तेव्हा लवूने सगळ्यांत आधी शेवटचं पान उघडलं. नवीन काही लिहिलं नव्हतं. फक्त 'आहे' या शब्दावरून कोणीतरी पुन्हा पुन्हा बोट फिरवलेलं, शिसं पसरलेलं. लवूला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दिवाळीनंतर एका पालकाचं पत्र आलं. आपल्या मुलीने हे पुस्तक कपाटापाशी उभ्या उभ्या चाळलं, असली घाण मुलांच्या हाती देता कशी, वगैरे वगैरे. समितीची बैठक बसली. पुस्तक घेऊन ये, असं कुंदाताईंनी सांगितलं. लवूने कपाटापाशीच मागच्या खिशातलं कार्ड काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. वाचनालयातली त्याची ही पहिली चोरी.

अध्यक्ष विद्याधर लिमये बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, सार्वजनिक वाचनालय म्हणजे सगळ्यांच्या घरचं कपाट, त्यात असलं ठेवायचं नाही, पोरं बिघडतात. मृणालिनीबाई शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. त्यांनी पुस्तक वाचलं होतं. त्या म्हणाल्या, कपाटात खुनाच्या कादंबऱ्या दीडशे आहेत, अजून कोणी पोर खून करून आलेलं नाही. शिवाय एखादं मूल मुळातच तसं असेल, तर त्याने वाचायचं काय? लिमये म्हणाले, तशी मुलं आपल्या मुलुंडात नाहीत. चहाचा ट्रे धरून लवू दारात उभा होता आणि ऐकत होता.

मग लिमयांनी शेवटचं पान उघडलं. वाक्य मोठ्याने वाचलं, उत्तरही वाचलं. आता प्रकरण पेटलं. कोणाचं अक्षर आहे, कार्ड काढा, क्रमांक बघून घरी कळवलंच पाहिजे, आईबापांना वेळेवर कळलेलं बरं. कार्ड नाही म्हटल्यावर ते कुंदाताईंना म्हणाले, सभासदांचे फॉर्म आणा, अक्षर ताडून बघू.

फॉर्म अडीचशेच्या वर होते, पण कुमारांचे चाळीसच. अनुपमाचा फॉर्म तिनेच भरलेला, त्याच रेखीव अक्षरात. त्याने ट्रे टेबलावर ठेवला.

"ते मी लिहिलंय, साहेब."

"कुठलं? उत्तर?"

"दोन्ही. विचारलं पण मीच, आणि उत्तर पण मीच दिलं."

लिमयांनी विचारलं, तुझ्यासारखं म्हणजे कसलं रे? पन्नास वर्षांत लवूला हा प्रश्न कोणी केला नव्हता. धोंडूनेही नाही. तो म्हणाला, "त्या पुस्तकात आहे तसलं."

लिमयांनी पान डोळ्यांजवळ नेलं, दोन ओळींकडे आळीपाळीने बघितलं आणि पुस्तक मृणालिनीबाईंकडे सरकवलं. चाळीस वर्षं वह्या तपासलेली बाई. एक अक्षर मोत्यासारखं, दुसरं मोडकं, हे तिला कळलं नाही असं होणार नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. लवूकडे बघितलं.

"एकाच हातचं दिसतं," ती म्हणाली.

ठराव झाला. पुस्तक बाद. लवूला कुमार विभागातून काढून पलीकडच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत बसवायचं, नोकरी ठेवायची ती कुंदाताईंच्या शब्दाखातर. 'बाद'चा शिक्का लवूनेच मारला आणि ते पान लवूनेच पुसलं, हुकूमच होता तसा. आधी प्रश्न पुसला. मग उत्तर.

बातमीला मुलुंडात किती वेळ लागतो? आठवड्यात सगळीकडे झालं. वर्तमानपत्रांच्या खोलीत पेन्शनर मंडळी बसायची. लवूशी गिरणीच्या गप्पा मारणारा दत्ताराम आता नुसती मान हलवायचा, तीसुद्धा कोणी बघत नसेल तर. लवूच्या समोरची खुर्ची रिकामी राहायला लागली. दुसरीकडे जागा नसली तर लोक बाहेर पायरीवर बसून पेपर वाचायचे. धोंडू गेला तेव्हाही तो एवढा एकटा नव्हता. तेव्हा निदान कोणाला माहीत नव्हतं.

तिसऱ्या बुधवारी अनुपमा आली. कपाटापाशी उभी राहिली, कुंदाताईंना काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली. मग ती वर्तमानपत्रांच्या दारात आली. त्या खोलीत मुलगी कधी येत नसे. सगळ्यांनी पेपर खाली केले. लवूने मान खाली घातली, मनात म्हटलं, पोरी, जा गं, उगाच माझ्या वाटेला येऊ नको.

ती आत आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. बसताना आवाज केला, खुर्ची चांगली फरफटवली. कालचा पेपर ओढला आणि वाचत राहिली. पाऊण तास झाला. पान तिने एकदाही उलटलं नाही, ते लवूला दिसत होतं.

बंद करायची वेळ झाली. तिने पेपरची घडी नीट घातली, पिशवी खांद्याला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येते, काका."

"ये," लवू म्हणाला.

मग त्याने दिवे घालवले, खिडक्या लावल्या, रोजच्यासारख्या खुर्च्या टेबलाखाली सारल्या. तेवढी एक मात्र त्याने तशीच बाहेर ठेवली.