शंभरावरची चार

मी एक जुनी छत्री आहे. पावसाशी माझा काही संबंध नाही. पाऊस मी फक्त ऐकलेला आहे. मी पत्र्याची आहे, माझ्या पोटात चार बल्ब आहेत आणि माझं काम आईचं आहे. मित्रांनो, हसू नका. ज्या पिल्लांनी कोंबडी कधी पाहिलीच नाही, त्यांना पत्र्याची आई चालते.

तमिळनाडूतल्या पल्लडमच्या एका पत्रेवाल्यानं तेलाचे डबे कापून मला बनवलं. घाईत होता, त्यामुळे माझ्या आतल्या बाजूला सूर्यफुलाचं अर्धं चित्र तसंच राहून गेलं. पुढे हजारो पिल्लांनी त्यालाच आकाश मानलं. अर्ध्या फुलाबद्दल एकाचीही तक्रार आली नाही.

मला विकत घेतलं ते पोन्नात्तानं. तिची एक लांबलचक शेड होती आणि नाचिमुत्तू नावाचा नवरा होता. नाचिमुत्तूनं उभं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेलं, त्यामुळे तो गुपितसुद्धा चार शेतांपलीकडे ऐकू जाईल असं सांगायचा. पिल्लं, खाद्य आणि औषध एका कोंबडी-कंपनीचं; शेड, पाणी, जागरण पोन्नात्ताचं. पिल्लं यायच्या आधी ती मला पेटवून शेड तापवून ठेवायची. काथ्याच्या भुशावर जुनी वर्तमानपत्रं पसरायची, कापूर लावायची आणि मग माझी दोरी हातात घ्यायची. पिल्लं माझ्याखाली एकमेकांवर चढली की दोरी सैल, कडेला पांगली की दोरी वर. मला वाटतं, आईपण बहुतेक त्या दोरीतच असावं. मी नुसती गरम होते.

दहा-बारा दिवसांत पिल्लांना पिसं फुटत आणि मला वर वाशाला टांगून ठेवत. ज्या आईला मुलं इतक्या लवकर विसरतात, तिला उंचावर टांगावं, म्हणजे पुढचं सगळं नीट दिसतं. मीही पाहायचे. ती फुगत जात, मग एका पहाटे गाडी येई आणि शेड रिकामी होई. जाताना एकानंही वर पाहिलं नाही. त्यांची मान तशी आखूडच असते.

मी नवी होते तेव्हा पिल्लू विकण्याजोगं व्हायला दोन महिने लागत. मग दीड लागायला लागला, मग त्याहून कमी. माणसांची मुलं उशिरा मोठी होऊ लागली आणि कोंबड्यांची लवकर. यात कुणीतरी अदलाबदल केली असावी. तिकडे कंपनीच्या हॅचरीत दरवर्षी अंडी उबवायची नवी यंत्रं येत. देखरेखीला येणारा मयिलसामी मोटरसायकलवरून उतरता उतरताच सांगायचा, "अक्का, या वर्षी अजून वाढवली पिल्लं. लोक खातच सुटलेत." एकदा सगळ्यांत कमी पिल्लं मेली म्हणून पोन्नात्ताला कंपनीनं बक्षीस दिलं. भिंतीवरचं घड्याळ, आकड्यांच्या जागी अंडी. तिनं ते शेडमध्ये माझ्यासमोर लावलं. कोंबड्यांना वेळ कळावी असा तिचा हेतू नसणार.

कौतुकाचे दिवस तेवढेच.

मग एका उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक चित्रफीत आली. कोंबडी खाल्ली की माणसाला ताप येतो, असं कुणीतरी कोंबडीकडे बोट दाखवून सांगत होतं. कोंबडी गप्प होती, म्हणजे खरंच असणार, असं लोकांना वाटलं. एका दुपारीत भाव पडला. हॅचरीतली अंडी मात्र भाव चांगला असताना यंत्रात ठेवलेली होती. अंड्याला एकवीस दिवस लागतात आणि मध्येच त्याला कुणी 'जरा थांब' म्हणू शकत नाही. पिल्लं ठरल्या दिवशी बाहेर आली. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

त्या सकाळी मी तापून लाल झाले होते. भुसा पसरलेला, पाण्याची भांडी भरलेली, कापूर जळून गेलेला. चाळीस पेट्यांची गाडी दारात उभी राहिली. प्रत्येक पेटीत शंभर पिल्लं आणि वर चार. ही जुनी रीत आहे. वाटेत नि पहिल्या दिवसांत काही दगावणारच, म्हणून कंपनी मरण आधीच मोजून देते.

पहिली पेटी खाली उतरतेय तोच मयिलसामीचा फोन वाजला. तो बराच वेळ नुसतं "हो सर" म्हणत राहिला. मग म्हणाला, "अक्का, पेट्या उतरवू नका."

"का रे तंबी?"

"वरून सांगितलंय. कुठल्याच शेडला टाकायची नाहीत."

"मग परत हॅचरीत नेणार?"

"तिथं उद्याची बाहेर पडतायत, अक्का. आजच्यांना जागा कुठली?"

"मग कुठं नेतोस?"

मयिलसामीनं गावाबाहेरच्या दगडखाणीच्या दिशेला पाहिलं. "खड्डा खणून ठेवलाय."

"जिवंत?" नाचिमुत्तूनं विचारलं. शेजारच्या शेतातल्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या.

"अण्णा, हळू बोला."

"हळूच बोलतोय मी."

पोन्नात्ता गाडीपाशी गेली आणि पेटीवर हात ठेवून म्हणाली, "इथंच ठेव सगळी. मी बघते त्यांचं."

"खाद्य कोण देणार? चार हजार तोंडं आहेत. चार दिवसांत एकमेकांना टोचून खातील. आणि कंपनीचा माल ठेवून घेतलात तर माझी नोकरी जाईल. घरात दोन लहान मुलं आहेत माझ्या."

यातलं काहीच खोटं नव्हतं. पोन्नात्ता म्हणाली, "शंभर कंपनीची. वरची चार कुणाची?"

"मरतील त्यांच्या बदल्यात असतात ती."

"मेली तर नुकसान कुणाचं धरता?"

"तुमचं."

"मग ती चार माझी. काढून दे."

मयिलसामीनं डोकं खाजवलं. "अक्का, शंभर उतरली तर त्यावर चार. शंभर उतरलीच नाहीत, तर ही चार कशावर?"

"गाडी माझ्या दारात आली. शेड तापली. खोटं वाटत असेल तर त्या छत्रीला हात लावून बघ."

त्यानं आत येऊन खरोखरच मला हात लावला. बोट भाजलं. ते तोंडात घालून तो बाहेर गेला आणि बोट न काढताच म्हणाला, "चार म्हणजे चार. पाचवं नाही." मित्रांनो, कुणाच्या न्यायनिवाड्यात माझी साक्ष निघाली ती एवढीच.

पण वरची चार कोणती, हे पेटीवर लिहिलेलं नसतं.

"तू काढ," पोन्नात्ता म्हणाली.

"मी नाही. तुमची आहेत, तुम्ही काढा."

"कंपनीचा माणूस तू आहेस."

ड्रायव्हर आपणहून टायर तपासायला गेला. शेवटी नाचिमुत्तू पुढे झाला. पहिल्या पेटीतून त्यानं धडधाकट बघून चार उचलली. दुसरीतून अशक्त बघून. तिसरीपासून त्यानं बघायचं सोडलं. तोंड रस्त्याकडे करून नुसता हात आत घालत राहिला. चाळिसाव्या पेटीत एक पिल्लू आपणहून त्याच्या मनगटावर चढलं.

"पाच झाली, अण्णा," मयिलसामी म्हणाला.

नाचिमुत्तूनं एक परत ठेवलं. कोणतं, ते त्यालाही माहीत नाही. सगळी पिल्लं हुबेहूब सारखी निघतात, याचा कंपनीला अभिमान आहे.

गाडी गेली. पवनचक्कीच्या वळणापर्यंत चिवचिव ऐकू येत होती. मग एवढ्या मोठ्या शेडमध्ये माझ्याखाली एकशे साठ पिल्लं दाटीनं बसली आणि पोन्नात्तानं दोरी सैल केली.

कंपनीचं खाद्य नव्हतं. तिनं नाचणीचं पीठ, तांदळाची कणी, शेंगदाण्याची पेंड दिली, स्वतःच्या वाट्याची आंबीलसुद्धा दिली. थोडी पहिल्याच आठवड्यात गेली. बाकीची हळू वाढली. या जातीला म्हातारपण ठाऊकच नसतं. तिच्या अंगात तसं काही घालूनच दिलेलं नाही. पोटभर खातात त्यांचं वजन पायांना पेलत नाही. काही बसली ती उठलीच नाहीत, काही चालता चालता छातीवर पडली. पोन्नात्ता नारळाखाली प्रत्येकासाठी वेगळा खड्डा खणायची.

"एकेकाला एकेक खड्डा?" नाचिमुत्तू ओरडला. "तिकडं सगळ्यांना मिळून..."

मग म्हणाला, "कुदळ दे इकडं." हे त्यानं इतक्या हळू म्हटलं की पोन्नात्तानं दचकून त्याच्याकडे पाहिलं.

पावसाळा संपेपर्यंत लोक चित्रफीत विसरले आणि पुन्हा कोंबडी मागू लागले. कोंबड्या मात्र खाणीत होत्या. भाव असा चढला की कुणी कधी पाहिला नव्हता. मयिलसामी आला तो मोटरसायकलवर बसल्या बसल्याच बोलू लागला.

"अक्का, शेड धुऊन घ्या. सोमवारी पिल्लं टाकतो. कंपनीनं सगळी यंत्रं भरलीत, अजून नवी मागवलीत. आता शंभरावर पाच देणार आहेत."

पोन्नात्ता दारात बसली होती. आत, मी टांगलेली होते त्याच्या बरोबर खाली, उरलेली अकरा बसलेली होती, उशांसारखी.

"आणि ही आधी काढा," मयिलसामी म्हणाला. "शेडमध्ये दुसरा पक्षी चालत नाही, रोग येतो. व्यापारी पाठवतो. आजचा भाव ऐकलात तर चक्कर येईल."

"तंबी," पोन्नात्ता म्हणाली, "शंभर नकोत मला. वरची पाच तेवढी दे."

तो हसला. ती हसत नाही असं पाहून थांबला. तेव्हा भाजलेलं बोट त्यानं अंगठ्यानं चोळलं, गाडीला किक मारली आणि गेला. सोमवारी पेट्यांची गाडी दुसऱ्याच्या शेडला गेली.

त्या थंडीत पोन्नात्तानं मला वाशावरून खाली घेतलं. आईला पुन्हा कामावर बोलावण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. अकरांपैकी चारच उरली होती आणि ती माझ्याखाली मावत नव्हती. डोकी तेवढी आत घालून बसायची. बरोबर चार, असं नाचिमुत्तूनं मोजून सांगितलं, आणि पुन्हा मोजलं नाही. फेब्रुवारीत शेवटचं गेलं. ते वर अर्ध्या फुलाकडे बघत होतं असं मी म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर त्याचे डोळे मिटलेले होते.

आता शेडमध्ये नाचिमुत्तूच्या भाच्याचे यंत्रमाग आहेत. मी बाहेर पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून आहे. तीन बल्ब कुणीतरी काढून नेले, चौथ्याची काच फुटली. अंड्यांचं घड्याळ बंद पडलंय. आठवड्यातून दोनदा रस्त्यानं पेट्यांची गाडी जाते, पूर्वीपेक्षा मोठी, आणि त्या वेळी पोन्नात्ता जिथं असेल तिथं हातातलं काम थांबवते.

मित्रांनो, पत्र्यानं शिकवायचं ते काय. पण पाहुणा बोलावण्याआधी घरात जागा आहे का ते बघतात, एवढं मी या घरात राहून शिकले. अंड्याखाली ऊब लावण्याआधी एकदा विचारा, एकविसाव्या दिवशी दोरी कोण धरणार आहे. आणि कुणी सांगितलंच नाही, तर ते अंडं थंडच राहू द्या. थंड अंडं कुणाच्या मनगटावर चढत नाही.