लाल टोक, निळे टोक

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे, पण मला एक अक्षरही लिहिता येत नाही. माझे अर्धे अंग लाल आणि अर्धे निळे. शिशाच्या जागी दोन्ही टोकांना मसुरीच्या दाण्याएवढे एकेक चपटे लोहचुंबक बसवलेले आहे. मला पाहून पाहुणे हसतात. हसू देत. माझ्यावाचून बावीस रणगाड्यांच्या तोफा जाग्यावर बसत नाहीत, हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

माझे तरुणपण नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत गेले. तिथले एक नकाशाकार मला वापरत. चुकले तिथे लाल खूण, बरोबर असेल तिथे निळी. माझी लाल बाजूच जास्त झिजली, त्यावरून तिथले काम कसे चाले ते तुम्हीच ओळखा. ते निवृत्त झाले तेव्हा मला खिशात घालून घरी घेऊन आले. घरी त्यांना बाबा म्हणत. तिथे मी टेबलाच्या खणात पडून राहिले. आपले दिवस संपले असे वाटून मला फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

बाबांना दोन मुले. मोठी ताई, दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवणारी. धाकटा लिफ्ट दुरुस्त करणारा, चांगला सहा फूट उंच, पण ताई त्याला अजूनही बारक्या म्हणते. दोघांना एकच वेड. काडेपेटीएवढे प्लास्टिकचे रणगाडे बनवायचे आणि टेबलावर डोंगर-नद्या मांडून लढाई खेळायची. वर्षातून एकदा मोठा सामना असे, त्यात दोघे जोडीने उतरत. त्या खेळाचा नियम कडक आहे. रणगाड्यावर जे हत्यार डोळ्यांना दिसते तेच चालवायचे. मनातली तोफ चालत नाही. म्हणून ताई एकेका गाडीसाठी तीन-तीन हत्यारे बनवी. संपलेल्या रिफिलीची लांब तोफ, इअरबडच्या पोकळ काडीची मशीनगन, आग ओकणारी आखूड नळी. ती गोंदाने चिकटवली की कायमची बसली. बदलता यावी म्हणून दोघांनी गाडीत एक आणि तोफेत एक चुंबक बसवायचे ठरवले.

पहिल्याच तोफेने गाडीकडे सरळ पाठ फिरवली. चुंबक उलटे बसले होते. दुसरी उडाली ती चहाच्या कपात पडली. पेपर वाचता वाचता बाबा हे सगळे बघत होते. त्यांनी मला खणातून काढले, माझी दोन्ही टोके सपाट तासली आणि त्यांवर चुंबके चिकटवली, एक सुलटे आणि एक उलटे.

"गाडीतलं चुंबक लाल टोकाने उचलून बसवायचं, तोफेतलं निळ्याने," बाबा म्हणाले. "यात डोकं चालवायचं नाही."

"अजिबातच नाही?" ताईने विचारले.

"चालवलंस म्हणून तर तोफ चहात पडली."

त्या दिवसापासून कोणतीही तोफ कोणत्याही गाडीवर टक् करून बसू लागली. सामन्याला आलेले लोक रणगाडे हातात घेऊन बघत, आणि बारक्या खिशातून मला काढून दाखवी. मी मनातल्या मनात फुगून जाई.

पुढे बाबा गेले. बारक्याला दुसऱ्या गावी काम मिळाले. ताईने जुने रणगाडे, तोफा, सगळे त्याला देऊन टाकले. त्या आवराआवरीत तिने मला क्षणभर मांडीवर ठेवले आणि खुर्ची पुढे ओढली. टेबलाखाली एक लोखंडी पट्टी होती. मी तिला जाऊन चिकटले, आणि कोणाच्याच ध्यानात आले नाही.

तिथे मी दोन वर्षे लटकले. ताईने सारे घर पालथे घातले, पण टेबलाखाली वाकून पाहिले नाही. एकदा ती फोनवर बोलताना मी ऐकले. "बाबांची पेन्सिल नेलीस ती नेलीस, विचारायचंस तरी." पलीकडून बारक्या नाही म्हणाला असणार, कारण ताई म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलते?" नंतर फोन कमी झाले. ओरडून सांगावे असे कितीदा वाटले, पण पेन्सिलीला कुठला आवाज?

बाबांच्या माघारी बहीणभावांची भेट उरली ती या सामन्यापुरतीच. गेल्या वर्षी जेमतेम ठरले की गाड्या त्याने बनवायच्या आणि तोफा तिने. सामन्याच्या आदल्या दुपारी बारक्या आठ गाड्या घेऊन आला. ताईने अकरा तोफा मांडल्या. पहिली तोफ गाडीवर ठेवताच तिने पाठ फिरवली. दुसरीची तीच तऱ्हा, तिसरीचीही.

"तू चुंबकं उलटी लावलीस," ताई म्हणाली.

"मी नाही, तू."

"मी रोज दात बसवते, बारक्या. मला उलटसुलट शिकवू नकोस. पेन्सिल जवळ असून तुझं हे असं."

बारक्याने गाड्यांचा डबा पुढे ओढला. मग म्हणाला, "उद्या दुसऱ्या कोणाला जोडीला घे. पुढच्या वर्षीही माझी वाट बघू नकोस."

तो गाड्या डब्यात भरू लागला. त्याच्या कोपराचा धक्का लागून एक तोफ खाली घरंगळली. ती शोधायला तो टेबलाखाली शिरला, उठताना त्याचे डोके आपटले, आणि डोके चोळत त्याने वर पाहिले.

"ताई, खाली ये."

"कशाला?"

"ये तर."

दोघे फरशीवर बसले. ताईने मला ओढून काढले आणि बाहीने धूळ पुसली. बारक्याने एकेक गाडी माझ्या लाल टोकाला लावली. आठही टक् करून चिकटल्या. मग ताईने आपल्या तोफा निळ्या टोकाजवळ आणल्या. अकराही मागे सरल्या. चूक दाखवणे हे माझे जुनेच काम, पण त्या दिवशी ते मला जड गेले.

"तू कशाशी ताडून पाहिलंस?" तिने हळूच विचारले.

"बाबांच्या वेळचा एक रणगाडा समोर ठेवला होता."

"मी डोकं चालवलं," ताई म्हणाली. "तोफांचं माझं चुकलं. तुझ्यावर आळ घेतला, ते तर फारच चुकलं."

"दोन वर्षं, ताई."

"हो, दोन वर्षं." तिने डोळे पुसले. "आता ती कोरणी घे."

त्याने चुंबके कोरून काढली, तिने माझ्या निळ्या टोकाने पुन्हा बसवली. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा अकरावी तोफ बसली. सामन्यात त्यांचा दुसरा नंबर आला, पण तोफ एकही अडली नाही.

निघताना 'तू ने', 'नको, तुझ्याकडेच असू दे' असा नवाच वाद सुरू झाला. शेवटी ताईने कवळ्या कापायची बारीक करवत घेतली आणि मला लाल-निळ्याच्या सीमेवर कापले. मी घाबरले होते, पण तिचा हात फार हलका आहे. कापलेल्या दोन्ही बाजूंना तिने जुन्या टोकांशी पडताळून नवी चुंबके बसवली, म्हणजे प्रत्येक तुकडा गाडीलाही चालावा आणि तोफेलाही. लाल तुकडा तिच्याकडे राहिला, निळा बारक्याबरोबर गेला.

तुम्ही विचाराल, मग हे बोलते आहे कोण? आज पुन्हा सामन्याचा आदला दिवस आहे. बारक्याने पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधी निळा तुकडा टेबलावर ठेवला. ताईने लाल तुकडा पुढे सरकवला. टक्! मी परत अख्खी झाले.

अख्खी आहे तोवर एवढेच सांगते, मित्रांनो. काम झाले की वस्तू जाग्यावर ठेवा. तरीही हरवलीच, तर माणसावर बोट रोखण्याआधी एकदा टेबलाखाली वाका. ती तिथेच, तुमच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर, तुमचे भांडण ऐकत लटकलेली असेल.