मी बसकी आणि वाऱ्यावरचा युक्पो

मी बसकी बोलतेय. खरं तर मी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. ओकबुन आजीने माझ्यासमोर बोट नाचवत बजावलं होतं, "तूही तोंड उघडायचं नाहीस, कळलं?" आता माझं तोंड म्हणजे हा पुढचा खण, आणि तो आजीच सारखा उघडते. मग मी एकटीनेच किती गप्प बसायचं? शिवाय आत्ता खण रिकामा आहे. तो भरला आणि पंखा फिरू लागला, की मला बोलता येत नाही. तेवढ्यात सांगून टाकते. तुम्ही मात्र कुणाला सांगू नका.

कारखान्यात मला एअर फ्रायर म्हणत. नावात तळणं आहे, पण कढईभर तेल मी आयुष्यात पाहिलेलं नाही. माझ्या डोक्यात एक पंखा आहे, त्याखाली एक तापणारी तार आणि पोटात भोकाभोकांची जाळी. गरम वारा गरागरा फिरवायचा, एवढंच मला येतं. खोक्यात बंद केलं तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. मग खोकं उघडलं आणि समोर एका मुलीचा हिरमुसलेला चेहरा दिसला.

ती नारे. चिंजू शहरातल्या एका नव्या दुकानाच्या सोडतीत मी तिला लागले होते. तिला हवी होती सायकल. तरी तिने मला बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणलं. वळणावर बस कलली की ती मला घट्ट धरायची. तेवढ्यावरच मी तिची झाले.

आजीने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बये, हे काय उचलून आणलंस? केवढी बसकी आहे मेली! ओट्यावरची सगळी जागा खाणार!"

तेच माझं नाव पडलं.

नारे माझ्यात रताळी भाजायची आणि उरलेली कोंबडी गरम करायची. "आम्ही आता कमी तेलाचं खातो," असं फोनवर सांगायची आणि बटाटे बाहेर आले की त्यांच्यावर मेयोनेजचा डोंगर रचायची. माणसांचं एक मला कळत नाही, त्यांना वाट बघता येत नाही. खण आत ढकलला की दोन श्वासांत पुन्हा बाहेर ओढून बघतात. मी कष्टाने जमवलेली ऊब जाते त्यांच्या चष्म्यावर.

आजी मला हात लावायची नाही. तिचा माझा संबंध एवढाच, की ओलं फडकं ती माझ्या पाठीवर वाळत घालायची. वाळवणं माझ्या नशिबातच होतं म्हणा ना.

मग नारेचं लग्न ठरलं. मुलगा डोंगरातल्या हादोंग गावचा, थेग्योम नावाचा, लाजरा आणि उंच. दोन्ही घरच्या मंडळींचं पहिलं जेवण झालं, त्या दिवशी आजी घरी आली ती पाय न पुसताच स्वयंपाकघरात शिरली. मागून नारे.

"आजी, तू असं का बोललीस?"

"काय वाईट बोलले?"

"युक्पो मी स्वतः करणार, वाऱ्यावर वाळवणार, दुकानातल्याला हात लावणार नाही! त्यांच्या गावात सगळं डोंगरातल्या वाऱ्यावर वाळतं. घरोघरी पर्सिमॉनची फळं टांगलेली असतात. थेग्योमच्या आईंना काय सांगतेस वाऱ्याचं?"

"म्हणूनच सांगितलं," आजी म्हणाली. "लग्नाच्या हॉलमधला तो भाड्याचा ट्रे मी नाही ठेवू देणार. शंभर नवरीमुलींनी पुढे केलेलं तेच तबक! लोक काय म्हणतील, आई नाही म्हणून पोरीला रीतसर काही दिलं नाही? मी वाढवलंय तुला. युक्पो माझ्याच हातचा जाईल."

लहानपणापासून नारेला आजीनेच वाढवलं होतं. ती आजीच्या पाठीला बिलगून उभी राहिली, आणि मला उगीचच पंखा फिरवावासा वाटला.

युक्पो म्हणजे गोमांसाचे पातळ काप, मुरवून वाळवलेले. लग्न लागल्यावर नवरी सासरच्यांना वाकून नमस्कार करते, तेव्हा सासूपुढे ती युक्पोची चळत ठेवते. सासू त्यावरून हात फिरवते. म्हणजे, सुनेचे दोष मी झाकले. त्या एका हातासाठी आजीचा सगळा खटाटोप चालला होता.

लग्नाला थोडेच दिवस राहिले, तेव्हा आजीने मांस आणलं. कापडाने टिपून टिपून त्यातलं रक्त काढलं. सोया सॉस, मध, आलं, मिरी आणि नाशपातीचा रस यांत ते मुरवलं. वासानेच मला गुदगुल्या झाल्या. मग तिने बाल्कनीत बांबूच्या चाळणीवर एकेक काप पसरला, अगदी बाळाची दुपटी पसरावीत तसा, आणि स्टूल टाकून मांजरापासून त्यांची राखण करत बसली.

मांजर आलंच नाही. आली ती पिवळी धूळ.

दरवर्षी वसंतात ती दूरच्या वाळवंटातून उडत येते, पण यंदा तिला नेमका हाच आठवडा सापडला. नारेच्या फोनने ठणाणा केला, घराबाहेर पडू नका. आकाश सोयाबीनच्या पिठासारखं झालं. आजीने चाळणी छातीशी धरून आत उडी मारली आणि पायाने दार लोटलं.

"खिडक्या लाव! सगळ्या लाव! अगं, बाथरूमचीसुद्धा!"

एक कण मांसावर पडला नव्हता. पण बंद घरात वारा कुठला? आजीने टेबलफॅन लावला. काप नुसते थरथरले, वाळले नाहीत. नारेने केस वाळवायचं यंत्र आणलं आणि एका कापावर धरलं.

आजीने तो काप हुंगला. "शाम्पूचा वास येतोय! सासूबाईंना काय, नवरीचे केस खायला घालतेस?"

नारे हसता हसता खाली बसली. मग तिचं हसू विरलं. "आजी, परवा लग्न आहे. हे ओलंच राहिलं तर बिघडेल. आपण हॉलचा ट्रे सांगूया ना."

आजी चाळणीकडे बघत राहिली. तिचे खांदे इतके खाली आलेले मी कधी पाहिले नव्हते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो आजी, वारा इथे आहे, तुमच्या ओल्या फडक्याखाली!

नारेचं लक्ष त्या फडक्याकडेच गेलं. माझ्या पाठीवर ते खडखडीत वाळलं होतं. तिने ते उचललं, माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे.

"नाही," आजी म्हणाली.

"मी अजून काही बोललेच नाही."

"तुझे डोळे बोलले. त्या बसकीत? मेल्या कोंबडीच्या वासात? मुळीच नाही."

पण जरा वेळाने दोघींनी मला साबण लावून, घासूनपुसून असं लखलखीत केलं, की मला वाटलं लग्न माझंच आहे. पहिला काप नारेने नेहमीसारखा भरपूर आचेवर ठेवला. माझा नाइलाज होता, सांगाल तेवढी मी तापते. बाहेर आलं ते बुटाच्या तळव्यासारखं. आजीने ते ओट्यावर आपटलं. टक असा आवाज आला.

"हे वाढ सासूला. दात पाडून हातात देईल तुझ्या."

"जरा कमी आच ठेवूया."

"जरा नाही. सगळ्यात कमी. वारा चटका देत नसतो, तो फुंकर घालतो." आजीने बाह्या वर सारल्या आणि पहिल्यांदाच माझ्या बटणाला स्वतः हात लावला. तिचं बोट सत्तरावर थांबलं. "आणि एकावर एक कोंबू नकोस. सगळ्यांना श्वास घेऊ दे."

काय सांगू तुम्हाला! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हळू वाहायला सांगितलं होतं. मी फुंकर घालत राहिले. थोडे काप आत, थोडे बाहेर. अर्धे वाळले की आजी ते काढून तळव्याने थापटून सपाट करायची, मध आणि तिळाचं तेल लावायची, उलटायची, पुन्हा आत ठेवायची. तिने मधेच एकदाही खण उघडून डोकावलं नाही. काचेपलीकडे पिवळी धूळ उडत होती आणि आत सगळं घर मधाच्या वासाने भरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा काप बाहेर आला. आजीने तो उजेडात धरला. लालसर, नितळ, वाकणारा पण न मोडणारा.

"बरा झालाय," ती म्हणाली. आजीच्या तोंडून बरा म्हणजे काय, ते मला आणि नारेलाच ठाऊक.

मग तिने तो उलटा केला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

खालच्या बाजूला भोकंच भोकं. माझ्या जाळीचे ठसे, गोल गोल, ओळीत, शिपायांसारखे उभे. सगळ्या कापांवर! मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आजीने लाटणं फिरवलं. ठसे हलले नाहीत.

"वारा काय गोल गोल भोकांतून आला म्हणून सांगायचं?" नारे म्हणाली आणि तिला पुन्हा हसू फुटलं, रडू येण्याच्या बेतात असतं तसं.

"ठशाची बाजू खाली," आजी म्हणाली. "सगळ्यांची खाली. सासू वरून हात फिरवते, उलटून बघत नाही. आजवर कुणी बघितलेलं नाही."

चळत रचली, वर पाइनच्या बिया लावल्या, लाल-निळ्या कापडात गुंडाळली. त्या कापडाला गाठ मारत नाहीत, म्हणजे पुढे संसारात गाठी पडत नाहीत. नुसती कागदाची पट्टी. मग ती शपथ झाली, बोट नाचवण्याची, ते मी सुरुवातीला सांगितलंच.

लग्नाच्या दिवशी मी घरी एकटी. फ्रीज तेवढा घुं घुं करत होता, त्याला कशाचंच काही नसतं. मला सारखा तो हात दिसत होता, सासूबाईंचा. कापडाखाली माझी भोकं. आजीचा शब्द माझ्या जाळीवर टांगलेला.

दार उघडलं. आजी लग्नाचा रेशमी पोशाख, हानबोक, न बदलताच तडक स्वयंपाकघरात आली आणि बसकन जमिनीवर बसली. खांदे गदागदा हलत होते. रडतेय, मला वाटलं. संपलं. उद्या मी भंगारात.

ती हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बसके," ती मलाच म्हणाली, कारण घरात दुसरं होतंच कोण, "ऐक. नवरीकडच्यांनी त्या खोलीत जायचं नसतं. मी दाराच्या फटीला डोळा लावला. नारे वाकली. विहीणबाईंनी कापड बाजूला केलं. आणि हात फिरवायचा सोडून त्या बाईने वरचा काप उचलला की गं! उचलला आणि उलटा केला!"

माझी तार गार पडली.

"अंगठा फिरवला त्या भोकांवरून. एकदा. दोनदा. नारे पांढरीफटक. मी दाराला धरून उभी. मग त्यांनी तो काप होता तसा ठेवला, ठसे खाली. दोन्ही तळवे वर ठेवले, असे, आणि म्हणाल्या, 'सुनेचे दोष मी झाकले.'" आजीने डोळे पुसले. "आणि मग सरळ दाराच्या फटीकडे बघून म्हणाल्या, 'दाराआडच्या आजींचेही झाकले!'"

सगळी खोली हसली म्हणे. का, ते त्यांना कळलं नाही. नारे तेवढी तळव्यात तोंड लपवून हसत होती.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण काही दिवसांनी आजीचा फोन वाजला. आजी मुळा किसत होती, म्हणून तिने फोन माझ्या पाठीवर ठेवला, आवाज मोठा करून. हादोंगच्या विहीणबाई होत्या.

"आजी, कुणी जवळ नाही ना?"

"नाही. बोला."

"युक्पो संपला. ह्यांनी एकट्यांनी फस्त केला. मला सांगा, किती अंशांवर ठेवला होतात?"

आजीचा हात थांबला. "तुम्ही तर डोंगरातला वारा..."

"अहो, कुठला वारा! या वसंतात आमच्याकडेही धूळच धूळ. तुमचे ठसे मी लगेच ओळखले, कारण आमच्याकडेही तसलीच एक आहे. पण माझा नुसता बुटाचा तळवा होतो."

"सत्तर," आजी म्हणाली आणि तिची मान अशी ताठ झाली, जणू मला तिनेच बनवलं होतं. "आणि कोंबायचं नाही. आणि सारखं उघडून बघायचं नाही, विहीणबाई."

"मला राहवत नाही हो."

"मग बुटाचे तळवेच चावत बसा."

दोघी किती वेळ हसत होत्या! त्यांच्या हसण्याने मी ओट्यावर थरथरत होते. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "हे आपल्या तिघींतच राहू द्या हं. तुम्ही, मी आणि नारे."

चौघींत, मी मनात म्हटलं.

आता माझी जाळी खरवडली आहे. पंखा सुरू होताना म्हाताऱ्यासारखा खाकरतो. नारे सासरी जाताना मला बरोबर नेणार होती. आजी मधे उभी राहिली. "तू नवी घे. ही माझी." मग तिने माझ्या पाठीवरून ओला तळवा फिरवला, हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी बसकी अंगलट, माझा आवाज, माझी भोकं, सगळं त्या एका हाताखाली आलं. तेव्हापासून ती मला बसकी म्हणत नाही. काय म्हणते, ते सांगायला मला अजून लाज वाटते.

तुमच्याकडेही माझी एखादी बहीण असेलच. तिला फार कोंबू नका. मधूनमधून तिची जाळी घासा. आणि तिने काही बिघडवलं, तर चारचौघांत उलटून दाखवण्याआधी एकदा

"सूनबाई! ए सूनबाई, चल गं, मांस मुरलंय! उघड बघू तोंड!"

आले, आले! तर मी काय सांगत होते, उलटून दाखवण्याआधी एकदा तिच्या पाठीवरून नुसता हा