बिनवासाची पावडर

२००६ साली कवठे येमाईत चिकनगुनिया आला तेव्हा गावात एखादा माणूस ताठ चालताना दिसला, की लोक त्याला पाहुणा समजायचे. गिताबाई आणि त्यांचे मालक आण्णा एकाच आठवड्यात आडवे झाले. ताप उतरला, सांधे मात्र धरलेलेच राहिले. गिताबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. आण्णांचं त्याहून वाईट होतं, पण ते कबूल करणारे नव्हते.

आण्णांची उमेदीची वर्षं मेंढरांमागं गेली होती. पार कोकणात उतरायचं, उघड्यावर झोपायचं, मिळेल ते खायचं. पुढं विहिरीला पाणी लागलं, मेंढरं विकून कांदा सुरू झाला, तरी आपलं अंग अजून त्या दिवसांतलंच आहे असं ते धरून चालत. "डाक्टरची पायरी मी चढलो न्हाई आन् चढणार न्हाई," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मात्र तापानंतर त्यांनी मुंडासं सोडून साधी टोपी घातली होती. "लई उकडतंय," म्हणायचे. गिताबाईंना खरं कारण माहीत होतं. आण्णांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

शेवटी गिताबाई स्वतःच्या अंगदुखीसाठी शिरूरला डॉक्टरांकडं गेल्या. आण्णा सोबत आले, पण दवाखान्याबाहेर लिंबाखाली बसून राहिले. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि त्याहून जास्त वेळ जेवणाची चौकशी केली.

"सकाळी काय खाता?"

"भाकरी."

"कशाबरोबर?"

"ठेच्याबरोबर."

"आणि संध्याकाळी?"

"कोरड्यास असलं तर कोरड्यास. न्हाईतर ठेचा हायेच की."

"घरी दूध आहे?"

"दोन म्हशी हायेत. दूध डेअरीला जातं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुमच्या खाण्यात प्रोटीनच नाही. डाळी, अंडी, दूध वाढवा. आणि तीन महिने प्रोटीनची पावडर घ्या." कुठली, ते त्यांनी लिहिलं नाही. "नावाला भुलू नका. प्रोटीनचा आकडा जास्त आणि साखर कमी, एवढं बघून घ्या."

सुभानभाईंचं मेडिकल दवाखान्याला लागूनच, स्टँडच्या पुढं होतं. वर्षापूर्वी त्यांची मुलगी निखत फार्मसीची परीक्षा पास होऊन दुकानात उभी राहायला लागली, तेव्हापासून त्या दुकानात दोन मतं झाली होती. सुभानभाई गिऱ्हाइकाचा चेहरा बघून माल दाखवत, निखत डब्यामागची बारीक अक्षरं वाचून.

"वहिनी, हा घेऊन जा," सुभानभाईंनी हसऱ्या बाईचं चित्र असलेला एक पिवळाधमक डबा पुढं ठेवला. "सगळं शिरूर हाच नेतंय."

निखतनं डबा फिरवून वाचला. "अब्बा, शंभर ग्रॅमला प्रोटीन अकरा. आणि साखर पन्नासच्या वर."

"मग? गोड हाय म्हणूनच नेतात ना लोक!"

दुसरा डबा काळा आणि घागरीएवढा होता. त्यावर एक उघडाबंब माणूस दंड फुगवून उभा होता. गिताबाईंनी पदर नीट केला. "आन् ह्यो बाबा?"

"ही पावडर खाऊनच एवढा झालाय, वहिनी."

"एवढी महाग पावडर परवडती, मग अंगात सदरा घालायला काय झालं त्याला?"

निखत हसू दाबत म्हणाली, "मावशी, यात प्रोटीन भरपूर आहे. चॉकलेटची चव आहे."

"चव बघितल्याबिगर मी न्हाई घेणार. बाजारात गूळ घेताना खडा तोंडात टाकतो का न्हाई आपण?"

सीलबंद डबा फोडता येत नाही, हे सुभानभाईंनी दोनदा समजावलं. गिताबाई ऐकून घेत होत्या आणि हलत नव्हत्या. शेवटी निखतनं कंपनीच्या माणसानं दिलेली नमुन्याची पाकिटं शोधून काढली, घरातून स्टीलचे पेले मागवले आणि पाण्यात एकेक पावडर ढवळली. तेवढ्यात लिंबाखाली कंटाळलेले आण्णा दुकानात आले. त्यांनी एक पेला उचलून घोट घेतला.

"बासुंदीवानी लागतंय की!" मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी पेला खाली ठेवला. "पर असली पोरासोरांची पावडर मी खायचो न्हाई. एक कण न्हाई. तुला काय घ्यायचं ते घे."

गिताबाई प्रत्येक पेला आधी हुंगत होत्या, मग चाखत होत्या. चॉकलेटचा प्यायल्या, मान हलवली, बाजूला सारला. व्हॅनिलाचा सारला. केशर-पिस्त्याचा वास घेऊन तर त्यांचे डोळे क्षणभर मिटले, तरी तोही सारला. सुभानभाईंना काही कळेना.

"बिनवासाची न्हाई का एखादी?" गिताबाईंनी विचारलं.

"बिनवासाची कोण मागतं, वहिनी?"

निखतनं स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एक पांढरा डबा काढला. त्यावर ना बाई होती ना पहिलवान. "हे सोयाबीनचं आहे. शंभरात ऐंशी प्रोटीन, साखर नाही. पण चव खडूसारखी आहे, म्हणून कोणी नेत नाही." त्याच्या नमुन्याचं एक पाकीट तिनं फोडलं. गिताबाईंनी चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली. चुन्याच्या डबीत चुकून तोंड गेल्यासारखा चेहरा झाला आणि त्या चेहऱ्यानंच त्या म्हणाल्या, "झ्याक हाय. हीच दे."

मग त्या आण्णांकडं वळल्या. "अवं, तेवढी जीपमधी जागा धरा जावा. मला उभ्यानं न्हाई जमायचं."

आण्णा गेले. गिताबाई काउंटरवर वाकल्या. "पोरी, ही पिठल्यात घातली तर खाणाऱ्याला कळंल का?"

निखतनं दाराकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "आण्णांसाठी?"

"माझ्यासाठी बी. पर त्यांचा हात वर जाईना झालाय. रातचं कूस बदलताना दात खात्यात, आन् सकाळी म्हणत्यात झ्याक झोप लागली. डाक्टरकडं यायचे न्हाईत. मग काय करू?"

"मावशी, न सांगता देणं बरं नाही."

"आगं, अन्नच हाय ना? का औषध हाय?"

"अन्नच आहे. तरी सगळ्यांना चालतं असं नाही." निखतनं एकेक प्रश्न विचारला. मूतखडा? मूत्रपिंडाचं काही? साखर? सोयाबीन खाल्ल्यावर कधी अंगावर काही उठलं? गिताबाईंनी सांगितलं, की दोन महिन्यांमागं पंचायतीच्या शिबिरात रक्त-लघवी तपासली होती, समदं चांगलं निघालं. "तिथं पोहे हुते, म्हणून गेलते. आन् सोयाबीनच्या वड्या तर आवडीनं खात्यात."

"मग माणशी दिवसाला दोन चमचे, त्याच्या वर नाही. आणि त्यांना सांगायचं, मावशी. कबूल करा."

"सांगते की. आधी अंगी लागू दे, मग सांगते."

पहिल्या दिवशी फजिती झाली. पावडर सरळ आधणात टाकली आणि तिच्या गुठळ्या झाल्या. आण्णांनी घास उचलून उजेडात धरला. "ह्यात गोट्या कशाच्या गं?"

"हात दुखतोय माझा. न्हाई घोटलं नीट."

आण्णा वरमले. त्यांनी सगळं पिठलं गोट्यांसकट संपवलं, वर "चांगलं झालंय" असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी गिताबाईंनी पावडर आधी ताकात घेतली, रवीनं घुसळली, त्यात बेसन कालवलं आणि मग फोडणीला टाकलं. पिठलं असं उतरलं, की आण्णांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. आठवडाभर हेच चाललं. कधी पिठल्यात, कधी आमटीत. एकदा बोटं चाटत ते म्हणाले, "अलीकडं तुझ्या हाताला चव आलीया."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. गिताबाईंनी पळी खाली ठेवली. "अलीकडं?"

आण्णा बराच वेळ पाणी पीत राहिले.

सांगायचा दिवस पुढं पुढं ढकलला जात होता. दोन वेळा गिताबाईंनी तोंड उघडलं, पण समोर माणूस चवीनं जेवत असला की शब्द मागं फिरत. दीड महिन्यानं आण्णा लेकीला भेटायला निघाले. मोनिका कासुर्डीला दिलेली. त्या सकाळी त्यांनी आरशासमोर उभं राहून मुंडासं बांधलं. दोन वेळा हात मधेच थांबला, पण तिसऱ्यांदा वेढा नीट बसला. गिताबाई दाराआडून बघत होत्या. मग त्या उगाच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागल्या.

न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाऊन आण्णा दुपारी कासुर्डीला पोचले. संध्याकाळी मोनिकानं बापाच्या आवडीचं म्हणून पिठलं केलं. आण्णा दोन घासांत थांबले.

"चांगलं हाय. पर आईच्या पिठल्यात अलीकडं जे असतंय ना, ते न्हाई ह्यात."

मोनिकाचं पिठलं सासरी नावाजलेलं, आणि सासू समोरच बसलेली. तिनं तिथल्या तिथं आईला फोन लावला. "आई, तू पिठल्यात काय घालतीस ते सांग. आण्णांनी आत्याबाईंसमोर माझी अब्रू घेतली."

पलीकडं गिताबाईंनी आधी "काय न्हाई गं" म्हणून बघितलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. मोनिका एवढी हसली, की तिला भिंतीला धरून बसावं लागलं. "प्रोटीन?" ती ओरडली. "पिठल्यात प्रोटीनची पावडर?" आणि तिनं तोंडावर हात दाबला, पण ओसरीवर बसलेल्या आण्णांच्या दोन्ही कानांत ते गेलं होतं.

ते चार दिवस राहणार होते. दुसऱ्याच दिवशी निघाले, ते थेट शिरूरला सुभानभाईंच्या मेडिकलमधे.

"पोरी, माझ्या बायकूला तू काय दिलंस?"

निखतनं हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. तिनं काही लपवलं नाही. तो पांढरा डबा काढून समोर ठेवला. "हे. तुम्हाला चालेल का ते सगळं विचारून दिलं. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय द्यायला नको होतं. तेवढी चूक माझी."

"वाच. काय काय हाय त्यात, समदं वाच."

तिनं वाचलं. फार वेळ लागला नाही.

"म्हंजी नुसती सोयाबीन?" आण्णांचा आवाज उतरला. काही तरी जबर औषध निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. "आमच्या बांधाला म्हस्कू पिकवतो ती?"

"तीच. फक्त तेल आणि चोथा काढून प्रोटीन तेवढं ठेवलेली."

"आन् ती बासुंदीवाली सोडून हीच का घेतली तिनं? तिला तर केशराचा वास लई आवडतो."

सुभानभाई गल्ल्यावरून उठून पुढं आले. ते हळू आवाजात म्हणाले, "आण्णा, त्या दिवशी मला बी कळलं नव्हतं. वहिनींना सगळ्या चवी आवडल्या होत्या. पण पिठल्यात केशराचा वास आला, तर तुम्ही ताट सारलं असतं. म्हणून स्वतःच्या आवडीवर त्यांनी फुली मारली."

आण्णांनी पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर रिकामा पेला हातात घेऊनच ते पायरी उतरायला लागले, निखतनं तो मागून घेतला. रागाचं काय करायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.

घरी आले तेव्हा गिताबाई चुलीपुढं होत्या. फोनवर मोनिकानं आधीच सावध केलं होतं.

"मला सांगायचं तरी," आण्णा म्हणाले.

"सांगितलं असतं तर खाल्लं असतं?"

आण्णांनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई."

"मग!"

"मग काय मग? नवऱ्याला काय खायला घालतीस ते नवऱ्याला ठावं नको व्हय?"

"पायजे," गिताबाई म्हणाल्या. "चुकलं माझं. रोज म्हणायचे, उद्या सांगते." त्यांचा आवाज बारीक झाला. आण्णांना हे अजिबात अपेक्षित नव्हतं. भांडायची तयारी करून आलेला माणूस उंबऱ्यावर अवघडून उभा राहिला.

"बरं, असू दे. आता चोरून न्हाई खायाचं. पेल्यात घालून समोर दे. मर्दावानी पितो."

गिताबाईंनी दोन चमचे पावडर पाण्यात घुसळून पेला त्यांच्या हातात दिला. आण्णांनी एका दमात तोंडाला लावला. अर्ध्यावर थांबले. डोळे बारीक झाले, मिशा हलल्या. घोट आत जाईना आणि बायकोसमोर थुंकताही येईना. कसाबसा गिळला आणि पेला लांब सरकवून त्यांनी घसा खाकरला.

"पिठल्यातच घालत जा," ते म्हणाले. "आन् घालताना मला दाखवू नगंस."

गिताबाई इतक्या हसल्या, की चुलीवरचं दूध उतू जायला आलं. त्यांना हसताना बघून आण्णांनाही राहवेना.

पुढच्या गुरुवारी "तुझ्या सोबतीला" म्हणत आण्णा दवाखान्याची पायरी चढले आणि दोघं डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी बसले. डॉक्टरांनी आण्णांचा हात वर-खाली केला, रक्त तपासायला पाठवलं आणि सांगितलं, की हात सुटला तो पावडरमुळं किती आणि दिवस गेल्यामुळं किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. तीन महिने पुरे करा, मग बंद करा, आणि एका म्हशीचं दूध तरी घरात ठेवा. डबा संपल्यावर गिताबाईंनी पावडर बंद केली, संध्याकाळचं दूध घरी ठेवायला लागल्या. पिठल्याची चव त्यानंतर बदलली की नाही, यावर आण्णांनी आजतागायत एक अक्षर काढलेलं नाही.