नारिंगी कडा

चौबे कॉलनीतल्या घरी शर्मिष्ठाने खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती. दुकानदाराने नाव न सांगताच दिलेलं एक प्रवाळ त्यात मरायला टेकलं होतं. त्याचे जीव ज्यांत राहतात त्या नऊ वाट्या पांढऱ्या पडल्या होत्या, कडेला नारिंगी मांस तेवढं उरलं होतं. प्रवाळाला उजेड लागतो म्हणून तिने टाकीचे दिवे वाढवले, तर ते आणखीच आक्रसलं.

"फेकून दे," सासरे बाबाराव म्हणाले. "सडलं तं सारे मासे मरतीन."

भीती खरी होती. तिने तुकडा वेगळ्या भांड्यात काढला आणि भिंगातून पाहिला. एका वाटीत बारीक तोंड हललं. याला उजेड नकोच असेल, हे उपाशी तर नसेल?

तिने कोळंबीचा रस सोडून भांड्यावर टॉवेल टाकला. अर्धा तास दोघं भांड्याजवळ बसले. टॉवेल उचलला, तेव्हा त्या वाटीतून पिवळे धागे बाहेर आले होते.

"सन कोरल आहे, बाबा! याला भरवावं लागतं."

"नाव सूर्याचं, अन् ऊन नको?"

तिने चिमट्याने कोळंबीचा कण टेकवला. धागे कणावर मिटले आणि कण आत गेला. बाबाराव भांड्यावर वाकले.

"तू ऑफिसात राहते. दुपारी मी भरवीन."

पंधरा दिवसांत सहा वाट्या उघडल्या. तीन गेल्याच.