चांदीच्या वाट्याचा कोंडा

मी एक जुनी ढेकी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिले नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगते. बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा लांब, जड दांडा. तो दोन खुंटांवर तोललेला. पुढच्या टोकाला मुसळ, मुसळाला लोखंडी कडे, आणि त्याखाली जमिनीत पुरलेले उखळ. मागच्या टोकावर बाईने पाय दिला की माझे डोके वर उठते. पाय काढला की ते धप्पकन धानावर पडते. माझी सगळी विद्या एवढीच.

बालाघाट जिल्ह्यात, खैरलांजीकडच्या एका गावात, चैतराम सुताराने मला घडवले आणि तुळसाबाईच्या पडवीत बसवले. तुळसाबाई तेव्हा नवी सून होती. सकाळ झाली की शेजारणी धानाच्या टोपल्या घेऊन यायच्या. दोघी पाय द्यायच्या, एक उखळाशी बसून धान चाळवायची. आधी तूस सुटायचे, ते सुपाने पाखडायचे. मग दुसऱ्या कांडणीत तांदळाच्या अंगावरून मऊ, तांबूस कोंडा उतरायचा. तांदूळ चुलीवर जायचा, फुटक्या दाण्यांची कनकी कोंबड्यांना, कोंडा गोठ्यात. "माह्या ढेकीखालून कोणी उपाशी जात नाही," असे तुळसाबाई सांगायची, तेव्हा माझे लाकूड आतून ऊब धरायचे.

नव्वदच्या सुमारास भैयालालने गावात धान कांडायची मशीन आणली. त्याची रीत साधी होती. कुटाई फुकट, पण कोंडा त्याचा. गावाला वाटले, देवच पावला.

"पांढरा भात, तोही फुकटात. अजून काय पायजे माय?" तुळसाबाईचा मुलगा वसंता म्हणाला.

तांदूळ मोगऱ्याच्या कळीसारखा यायला लागला. कोंडा पोत्यांत भरून गोंदियाकडच्या तेलाच्या कारखान्याला जायला लागला. जाणाऱ्या कोंड्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. माझ्यावर तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या, पेंढ्या रचल्या गेल्या आणि उखळात कोंबडी अंडी घालू लागली. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू.

पुढे वसंताचे लग्न झाले. संध्या राजेगावहून नांदायला आली, तेव्हा तिच्या बापाने तिच्यामागे एक पारडी धाडली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदी. संध्याला माहेर आठवले की ती चांदीच्या मानेला गाल लावून उभी राहायची. चांदीची मोठी म्हैस झाली. मशीनमुळे तिच्या गव्हाणीत पहिल्यापासून नुसते तणस पडत होते, तरी ती तिसऱ्यांदा व्याली आणि दुधाने बादली भरू लागली.

मग ती विचित्र वागायला लागली. भिंतीची माती खाई. एकदा तर कुत्र्याने टाकलेले हाडूक चघळताना दिसली. दावे ताणून माझ्याकडे येई आणि माझ्या उखळाच्या भेगा चाटत बसे.

"काहून वं? घरचं कमी पडून राह्यलं का तुले?" संध्या रागवायची.

हो, कमीच पडत होते. मला कळत होते, पण ढेकीला पाय असतात कुठे आणि तोंड असते कुठे.

एका सकाळी चांदीची लघवी कोऱ्या चहासारखी गडद लाल आली. दुपारी ती बसली ती उठेना. शेजारची रुख्माबाई म्हणाली, "नजर लागली वं. दुधाची बादली उघडी नेत होतीस तू." पारडू हंबरत होते. वसंता सायकल मारत खैरलांजीला गेला आणि गुरांच्या डॉक्टर वैदेहीबाईंना घेऊन आला.

"जय भीम, बाई. वाचन का जी आमची चांदी?" तुळसाबाईने विचारले.

डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी उलटून पाहिली. ती पांढरीफटक होती. चाटून चाटून ओले झालेले माझे उखळही त्यांनी पाहिले.

"हिला खायला काय घालता?"

"तणस," संध्या म्हणाली.

"आणि कोंडा?"

"तो मशीनवाला ठेवून घेते जी," वसंता म्हणाला.

"हिच्या अंगातलं फॉस्फरस संपलंय. दुधातून रोज जातंय, आणि तणसातून काही मिळत नाही. म्हणून माती आणि हाडं खातेय. रक्त फुटून लघवीतून जातंय. मी शिरेतून औषध देते, पण पुढं हिच्या पोटात कोंडा गेला पाहिजे. आजच. दाण्यातलं फॉस्फरस बहुतेक कोंड्यातच असतं. आणि आपल्या देशातल्या माणसांनाही ते सगळ्यात जास्त धान्यातूनच मिळतं. तुम्ही तो कोंडा घालवलात, म्हशीचाही आणि थोडा तुमच्याही ताटातला."

वसंता मशीनवर धावला. भैयालाल म्हणाला, "भाई, सकाळीच ट्रक भरके गया. आता नवा माल हप्त्यानं."

वसंता रिकामी टोपली घेऊन परतला. तेव्हा तुळसाबाई उठली आणि माझ्यावरच्या पेंढ्या ओढून फेकू लागली. "काय पाहून राह्यले सारे? कोंबडी उठवा."

मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या अंगाला हात लागला! खुंटाला तेल दिले, उखळ धुतले. पण संध्याने कधी ढेकीवर पाय दिला नव्हता. तिचा पाय पडे तेव्हा माझे डोके अर्ध्यातच अडे.

"सायकल चालवून राह्यली का वं तू?" रुख्माबाई हसली. पण पदर खोचून तीही दुसरा पाय द्यायला उभी राहिली.

"पायाकडं नोको पाहू, गाण्याकडं कान दे," म्हणत तुळसाबाई उखळाशी बसली आणि तिने सूर धरला,

*धान कांडते मी बाई, दाणा निघाला मोत्याचा,*
*तांदूळ माह्या लेकराचा, कोंडा गोठ्याच्या वाट्याचा.*

गाण्याने पाय धरला. धप्प, धप्प, पडवी हलू लागली. पहिला कोंडा उतरला तो कोमट होता. संध्याने ओंजळभर नेऊन चांदीच्या तोंडाशी धरला. चांदीने हुंगला, आणि मग ओंजळ चाटून पुसून काढली.

डॉक्टरबाई पुन्हा आल्या, पुन्हा सुई दिली. बाया रोज कांडत राहिल्या. लघवीचा लाल रंग गुलाबी झाला, मग पिवळा. एका सकाळी चांदी पुढचे पाय रोवून, मागचे सावरत उठली. संध्या गोठ्यातून पळत आली.

"आत्याबाई, मूत साफ आहे! उभी आहे ते!"

पडवीतल्या बाया नाचायच्याच बाकी राहिल्या. तुळसाबाईने माझ्या मानेवर थाप मारली. चैतरामने घडवले त्या दिवशीही मी इतकी ताठ नसेन.

पुढे गावातल्या बाया टोपल्या घेऊन भैयालालच्या दारात उभ्या राहिल्या. कुटाईच्या मजुरीपोटी धान घे, पण कोंडा आमचा, असे त्यांनी त्याला बजावले. तो डोके खाजवत म्हणाला, "हौ बाई हौ, ले जाव." सणावाराचा आणि बाळंतिणीचा तांबूस तांदूळ मात्र अजून माझ्याखालीच निघतो. वसंता आधी नाक मुरडायचा, आता दुसऱ्यांदा वाढून घेतो.

मित्रांनो, दाणा खुशाल पांढरा करा. पण त्याच्या अंगावरून जे उतरते ते दाराबाहेर घालवण्याआधी, त्याची वाट पाहणारे कोणी घरात आहे का, ते एकदा बघा. मुक्या जिवाला मागता येत नाही, तो फक्त चाटत राहतो.

परवा चांदी चौथ्यांदा व्याली. संध्या दिवसभर बादली सोडून, लघवीचा रंग पाहत, तिच्या मागेच उभी होती. शेवटी ती साफ दिसली, तशी हसत पडवीत आली आणि म्हणाली, "चला वं, धान आणा."